दोन पॉइंट चार माणसांचं घर

त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आहे, ते तिथेच राहू दे. ऑफिसात, साइटवर, जिन्यात, जिथे जाल तिथे त्यांना सगळे दशांशराव म्हणतात. तोंडावरसुद्धा. पहिल्यांदा कोणी म्हटलं तेव्हा म्हणे चार दिवस फुगून बसले होते. मग एकदा स्वतःच फोन उचलून ‘दशांशराव बोलतोय’ म्हणाले आणि विषय संपला.

काम तसं बिनतक्रारीचं. नवं घर बांधायचं ठरलं की त्याचा नकाशा दशांशरावांच्या टेबलावर येतो. एक वीटही रचलेली नसते, पण हे घर उद्या वर्षाला दर चौरस मीटरमागे किती किलो कार्बन हवेत सोडणार, ते यांनी आज सांगायचं. भिंत किती जाड, तिच्या पोटात ऊब धरून ठेवणारा लोकरीचा थर किती, काच एकेरी की दुहेरी, खिडक्या उन्हाकडे तोंड करून आहेत की सावलीकडे, पाणी तापवणारं यंत्र कुठलं, दाराच्या फटीतून वारा किती शिरतो. सगळं भरायचं, आकडा काढायचा, आकडा लक्ष्याच्या आत असला तर शिक्का. नसला तर नकाशा परत.

आणि परत म्हणजे परत. तिथे वशिला नाही, ओळख नाही, ‘अहो जरा समजून घ्या’ नाही.

एकदा एक बिल्डर हातात दोन कागद नाचवत आला. माणूस असा लालबुंद झालेला, की त्याच्या एकट्याच्या जोरावर खोली तापली असती. “शेजारच्या प्लॉटवाल्याचं घर सोळा पॉइंट दोन, आणि तो पास! माझं चौदा पॉइंट तीन, त्याच्यापेक्षा कमी, आणि मी नापास? हा कुठला न्याय?”

“बसा,” दशांशराव म्हणाले. “सगळ्या घरांना एकच आकडा असतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मग काय प्रत्येकाला वेगळा?”

“प्रत्येकाला वेगळा. असं बघा. तुमच्या घराचा नकाशा आला की आम्ही कागदावर दुसरं एक घर बांधतो. लांबी-रुंदी तुमचीच, आकार तुमचा, तोंड तुमच्याच दिशेला. फक्त भिंती, काचा, यंत्रं, फटी, हे सगळं नियमाच्या पुस्तकात लिहिल्यासारखं. याला म्हणतात मानलेलं घर. ते जेवढा कार्बन सोडेल, ते तुमचं लक्ष्य. तुमच्या खऱ्या घराने त्याच्याइतका किंवा त्याहून कमी सोडायचा. शेजाऱ्याशी तुमची तुलनाच नाही. त्याचं घर लहान, चारी बाजूंनी उघडं, त्याचं लक्ष्यच सैल. तुमचं घर दोन घरांच्या मध्ये ऊब धरून बसलेलं, म्हणून तुम्हाला लक्ष्य कडक, चौदा पॉइंट दोन.”

बिल्डरने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाला, “म्हणजे प्रत्येक घराला एक आदर्श जाऊ दिलीय म्हणा की. बघ ती कशी करते, बघ ती किती वाचवते.”

“तसंच समजा.”

“अहो पण एका दशांशाने काय आभाळ कोसळतंय?”

“एकाने नाही कोसळत,” दशांशराव कागद त्याच्याकडे सरकवत म्हणाले, “पण उद्या तुमच्यामागे दुसरा उभा असेल, तो दोन मागेल. पोटमाळ्यावरचा थर वाढवा आणि या.” बिल्डर पाय आपटत गेला, थर वाढवून आला आणि पास झाला.

आता यातली एक गंमत सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. घरात माणसं किती राहणार, हेही या गणितात धरावं लागतं. माणसं अंघोळ करतात, दिवे लावतात, आणि नुसती बसली तरी ऊब देतात. एक माणूस म्हणजे साठ वॅट धरतात, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पण घर तर अजून बांधलेलंच नाही. आज तिथे नवं जोडपं येईल, उद्या सहा जणांचं कुटुंब, परवा कोणी म्हातारी. मग माणसं मोजायची कशी? तर फरशीवरून. फरशी इतकी, तर माणसं इतकी. सूत्रात घालायचं आणि उत्तर घ्यायचं. शहात्तर चौरस मीटरच्या घरात सूत्राप्रमाणे राहतात दोन पॉइंट चार माणसं.

एका साइटवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तो कागद वाचला होता. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “साहेब, दोन माणसं कळली. नवरा आणि बायको. हे पॉइंट चार कोण?”

“पाहुणा,” दशांशराव म्हणाले. “येऊन-जाऊन असतो.”

सगळे खो खो हसले, दशांशरावही हसले. तेव्हा हसण्यासारखं होतं.

त्यांचं स्वतःचं घर बरोबर शहात्तर चौरस मीटरचं. त्या रांगेतली सगळी घरं त्यांनीच तपासलेली, म्हणून डोळे झाकून घेतलं. राहायला गेले तेव्हा तीन माणसं होती: ते, बायको, मुलगी. मुलीचं लग्न झालं, ती लांब गेली, दोन उरली. मग मुलीला दिवस गेले आणि बायको तिच्या बाळंतपणाला गेली. तीन महिन्यांसाठी. बॅग एकच नेली, त्यातही अर्धी बाळाची दुपटी.

तीन महिने झाले. फोनवर म्हणाली, बाळ मान धरू दे. मानेचं झालं, मग बसू दे. बसायला लागलं, मग चालू दे. मग मुलीची रजा संपली, पोराला सांभाळायला कोणी नाही. मग पोराला शाळेत रुळू दे. अडीच वर्षं झाली. दशांशराव एकदा चार दिवस जाऊन आले, नातवाला मांडीवर घेतलं, त्याने चष्मा ओढला, परत आले. भांडण म्हणाल तर एक दिवस नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं हो, भांडण मिटवता तरी येतं. इथे कोणी काही बोललंच नव्हतं. बायको सोडून गेली म्हणावं, तर ती रोज फोन करत होती. आहे म्हणावं, तर घरात फिरून बघा.

आणि दशांशराव ऑफिसात काय सांगत होते? पहिल्या सहा महिन्यांत ‘येईल पुढच्या महिन्यात’ म्हणाले. ते चार वेळा म्हणून झाल्यावर त्यांचीच त्यांना लाज वाटली. मग एके सोमवारी कोणीतरी विचारलं, “आल्या का वहिनी?” आणि हे बोलून गेले, “आली की. परवाच.” झालं! तोंडातून शब्द गेला तो गेला. तेव्हापासून वहिनी घरी होत्या. वहिनींना कधी सर्दी व्हायची, कधी गुडघा दुखायचा. डबा दशांशराव स्वतः करायचे, पहाटे उठून, आणि भाजी खारट झाली की जेवणाच्या टेबलावर म्हणायचे, “आज हिचा हात जरा जड पडला.” बाकीचे म्हणायचे, “सांगा वहिनींना.” हे म्हणायचे, “मी सांगतोय? घरात राहायचंय मला.” पुन्हा सगळे हसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त ती चोवीस तास आवळून धरून हात किती दुखतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

अशात ऑफिसच्या मोठ्या बाईंनी एक योजना काढली. मोठ्या बाई म्हणजे सगळ्यांच्या वरच्या, त्यांच्या सहीशिवाय नवीन नियम निघत नाही. त्या म्हणाल्या, “पुढच्या पाच वर्षांची लक्ष्यं ठरवायची आहेत. आपण कागदावर धरतो की घरात इतकी माणसं, इतकं गरम पाणी, इतकी ऊब. खरंच तसं असतं का, एकदा बघू या. आपण पास केलेल्या चाळीस घरांत यंत्रं बसवू. हवेतला कार्बन डायऑक्साइड, गरम पाणी, खोलीचं तापमान, सगळं सहा महिने मोजू. एकोणचाळीस घरं मिळाली आहेत.”

“चाळिसावं दशांशरावांचं!” कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या.

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं मोजली, त्याने स्वतःचं घर मोजू द्यायला का कू करावं? फॉर्म समोर आला. घराचं क्षेत्रफळ: शहात्तर. अभ्यासातला घर क्रमांक: सतरा. प्रत्यक्ष राहणारी माणसं. सगळे बघत होते. दशांशरावांनी लिहिलं: दोन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यंत्रं बसली. निजायच्या खोलीत एक पांढरी डबी, हॉलमध्ये एक, गरम पाण्याच्या नळावर एक मापक. तासातासाला आकडे ऑफिसात जायचे आणि तिथे एक बाई त्यांचे आलेख काढायची. वय पस्तिशीचं, बोलणं कमी, बारीक डोळे करून पडद्याकडे बघत बसायची. तिला सगळे आलेखवाली म्हणत. कामाला पक्की. दशांशरावांना ती आवडायची, कारण तीही ‘साधारण’ हा शब्द वापरत नसे.

नऊ दिवसांनी दशांशराव सहज म्हणून तिच्या पडद्याशी गेले आणि चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. बाकी घरांच्या निजायच्या खोल्यांच्या रेघा रात्री कशा डोंगरासारख्या चढत होत्या, कारण माणसं श्वास सोडतात, दारं बंद, हवा साचते. सतरा नंबरची रेघ अर्ध्यातच आडवी झालेली. गरम पाणी दिवसाला एकतीस लिटर. ज्याला या कामातलं ओ का ठो कळत नाही, त्यालाही समजलं असतं की या घरात एकच माणूस झोपतं. आलेखवाली अजून काही बोलली नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं. यांना वाटलं, तिने बघितलंय.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. तीस वर्षं खोटे आकडे पकडलेला माणूस खोटे आकडे बनवायला बसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हिशोब मात्र चोख. झोपलेलं माणूस तासाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं, जवळपास तेवढाच एक जाड मेणबत्ती सोडते. ऊबही तेवढीच देते, साठ वॅटच्या आसपास. म्हणजे एक मेणबत्ती म्हणजे एक झोपलेली बायको. पलंगाच्या तिच्या बाजूला स्टूल, स्टुलावर परात, परातीत पाणी, मधोमध वाटी पालथी, वाटीवर मेणबत्ती. साडेदहाला लावायची, सहाच्या गजराला विझवायची.

राहिलं पाणी. त्याचं सूत्र त्यांना तोंडपाठ: माणशी पंचवीस लिटर, वर घराचे म्हणून छत्तीस. दोन पॉइंट चार गुणिले पंचवीस, साठ. साठ आणि छत्तीस, शहाण्णव. स्वतःची अंघोळ, भांडी, कपडे होऊन जेवढं उरेल तेवढं नळाखाली बादली लावून मोजून सोडून द्यायचं. नळ सुरू करून ते बाथरूमच्या बाहेर उभे राहायचे. वाफ दाराखालून बाहेर यायची. पहिल्या आठवड्यात त्यांना हे गरम पाणी वाहताना बघवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा, दाराला टेकून उभे असताना, त्यांच्या तोंडून निघालं, “झालं का गं?”

आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. ते तसेच उभे राहिले.

आणि मग काय सांगावं, त्यांना बरं वाटायला लागलं. हेच सगळ्यात वाईट. साडेदहा वाजायची ते वाट बघायला लागले. खोलीत उजेड हलायचा, तिच्या बाजूने ऊब यायची, झोप चांगली लागायची. जेवताना टीव्ही मोठा करून ते दोन शब्द बोलायचे, आज ऑफिसात काय झालं, बिल्डर कसा तणतणला. एका रविवारी चांगल्या मेणबत्त्या संपल्या म्हणून त्यांनी तीन दुकानं पालथी घातली आणि नेमकी तीच जाडी मिळाल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की दुकानदाराने विचारलं, काही समारंभ आहे का? ते म्हणाले, नाही हो, घरात लागतात. एवढं शहाणं माणूस, पण एकटेपणाने पार येडं केलं होतं त्याला.

पाच महिने असे गेले. मग बैठक झाली.

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला होता. “चाळीस घरांत एकोणचाळीस घरं म्हणजे नुसता गोंधळ,” त्या म्हणाल्या. “कोणी दिवसाला दोनशे लिटर पाणी वापरतंय, कोणी आठवडाभर घरीच नाही. कोणी खिडकी उघडी टाकून हीटर लावतंय. पण हे घर बघा. सतरा नंबर.” पडद्यावर सतरा नंबरची रेघ आली. रोज चढायची, रोज उतरायची. “यंत्रं रुळायचे पहिले दिवस सोडले तर गरम पाणी सरासरी शहाण्णव. आपलं सूत्र काय सांगतं? शहाण्णव! ऊब तीच. हवा तीच. याचा अर्थ आपण धरलेली माणसं बरोबर आहेत. नीट राहणारं घर असंच राहतं. माझ्या मते जुनंच सूत्र पुढे चालू ठेवायला हरकत नाही. दशांशराव, अहवालाच्या पहिल्या पानावर तुमच्या घराचा फोटो घालू. परवा फोटोग्राफर पाठवते. तुम्ही आणि वहिनी दारात उभे राहा, बस्स.”

टाळ्या पडल्या. परवा! परवापर्यंत मेणबत्तीला साडी नेसवता येणार होती थोडीच?

लोक उठून गेले. आलेखवाली मात्र खुर्चीत तशीच बसून राहिली. दार बंद झालं तेव्हा ती म्हणाली, “सर, दोन मिनिटं बसता?”

ते बसले.

“सतरा नंबरमध्ये काहीतरी घोळ आहे,” ती म्हणाली. तिने बैठकीत दाखवलेली सरासरी काढून टाकली आणि रोजचे आकडे उघडले. “हे बघा. शहाण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. पहिले नऊ दिवस सोडले तर पाच महिने हेच. सुट्टीच्या दिवशी शहाण्णव. मोठं वादळ झालं, सगळ्या गावाची वीज अर्धा दिवस गेली, त्या दिवशीसुद्धा शहाण्णव. रात्रीची रेघ साडेदहाला चढते, सहाला पडते. मध्ये कोणी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. कोणाला खोकला नाही, कोणाकडे पाहुणा नाही.”



“आणि मुख्य म्हणजे,” ती पुढे म्हणाली, “फॉर्मवर तुम्ही माणसं दोन लिहिलीत. दोन माणसांचं पाणी सूत्राने शहाऐंशी यायला हवं. शहाण्णव येतं ते दोन पॉइंट चार माणसांना. सर, दोन पॉइंट चार माणसांसारखं जगात कोणी वागत नाही. तसं फक्त आपलं मानलेलं घर वागतं.”

बघा आता. पोलिसांना सापडला नसता असा बनाव, आणि सापडला कशात? तर स्वतःच्या सवयीत. दोन माणसांचं खोटं करायला बसले, आणि हाताने आपसूक फरशीचं उत्तर लिहिलं. बायको बनवता बनवता तो पॉइंट चारचा पाहुणाही घरात घेतला. हे दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं, हा मूर्खपणा करायला तीस वर्षांचा अनुभव लागतो.

“मला वाटतं यंत्र बिघडलंय,” आलेखवाली म्हणाली. “आकडे मिळाले नाहीत की ते स्वतःच सूत्रातले आकडे भरत असणार. ‘यंत्रात बिघाड’ असं लिहून मी हे घर अभ्यासातून काढून टाकते. मोठ्या बाईंना मी सांगेन. फोटोपण टळेल मग. चालेल ना?”

सुटले की! दार सताड उघडं, फक्त ‘चालेल’ म्हणून बाहेर पडायचं. फोटो नाही, चौकशी नाही, वहिनी आपल्या घरी सुखरूप. दशांशरावांनी तोंड उघडलंही. पण त्या डब्या बसवणारा तंत्रज्ञ त्यांच्या डोळ्यांपुढे आला, बिचारा गुडघे टेकून, तोंडात स्क्रू धरून अर्धा दिवस राबला होता. त्याच्या नावावर बिघाड लागणार. चांगल्या यंत्राला त्यांनी आजवर कधी वाईट म्हटलं नव्हतं.

“यंत्र चांगलं आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“मेणबत्ती.”

तिला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. परात, पालथी वाटी, तासाला किती ग्रॅम मेण जळतं, बादली, शहाण्णव लिटर. सांगताना आवाज कामाचाच होता, एखाद्या भिंतीचा तपशील सांगावा तसा. पण ‘झालं का गं’ सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते गाळलं आणि एवढंच म्हणाले, “घरी कोणी नसतं. अडीच वर्षं झाली. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो.”

आलेखवाली हसली नाही. कीव आल्याचा चेहराही तिने केला नाही, त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. तिने पडद्यावरचे आकडे मागे सरकवत पार पहिल्या दिवसापर्यंत नेले.

“पहिले नऊ दिवस खरे आहेत,” शेवटी ती म्हणाली. “एकतीस लिटरचे. आणि अजून एक महिना बाकी आहे. तो तुम्ही जसे राहता तसे राहिलात तर घर ठेवता येईल. सर, खरं सांगू? मला हे घर हवंय. चाळीस फॉर्म आहेत माझ्याकडे, आणि त्यात एकटं माणूस एकाही फॉर्मवर नाही. शहरात इतकी माणसं एकटी राहतात आणि आपल्याकडे एकही नाही. मिळालं नाही, की कोणी लिहिलंच नाही, कोण जाणे. उद्या या आकड्यांवर पाच वर्षांचं लक्ष्य ठरणार. एकट्या माणसाच्या घरात दुसऱ्याची ऊब नसते, तिथे हीटर जास्त चालतो. ते आपण धरणारच नाही मग.”

तिने ड्रॉवरमधून दुरुस्तीचा फॉर्म काढून पुढे ठेवला. दोनच रकाने. प्रत्यक्ष राहणारी माणसं. आणि ही संख्या कोणत्या तारखेपासून.

“मोठ्या बाईंना तुम्ही सांगा, की मी सांगू?”

“मीच सांगतो,” दशांशराव म्हणाले. पेन उचललं आणि तसंच धरून बसले. एक लिहायचा. एक उभी रेघ आणि वर गाठ, पहिलीतलं पोर लिहितं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. “एक फोन करून येतो,” म्हणाले.

जिन्यात उभं राहून त्यांनी बायकोला फोन लावला. दुपारची वेळ. तिकडे नातवाचा आवाज, काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज.

“आत्ता कसा फोन?” ती म्हणाली. “बरं वाटत नाहीये का? गोळी घेतलीत ना?”

“घेतली. ऑफिसचं काम आहे. एक फॉर्म भरायचाय.”

“मग भरा की. मला काय त्यातलं कळतंय?”

“घरात राहणारी माणसं किती, असं विचारलंय.” ते थांबले. “दोन लिहू?”

तिकडे नातू काहीतरी मागत होता. ती त्याला ‘थांब रे राजा’ म्हणाली. दशांशरावांना तिचा श्वास ऐकू येत होता.

“तुमच्याकडे खोटं लिहिलेलं चालत नाही ना हो?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग एक लिहा.”

जिन्यातून दोन माणसं खाली गेली. दशांशराव भिंतीला सरकून त्यांना वाट देऊन उभे राहिले.

“अहो, ऐकताय ना?”

“हो. तारीखही हवी आहे. कधीपासून ते. तू गेलीस ती तारीख टाकतो.”

“ती नको,” ती पटकन म्हणाली. “ती खोटी होईल. निघाले तेव्हा मी परत येणारच होते.”

“मग कुठली?”

“गेल्या वर्षीची अकरा जून.” तिला आठवावं लागलं नाही. “त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. म्हटलं, मला तिकडे येववत नाही, इथला जीव सुटत नाही, तर तुम्हीच या ना इकडे. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, इथेही घरं बांधतातच की लोक. तुम्ही ‘बघू’ म्हणालात. मी चार दिवस वाट बघितली. मग नाही विचारलं.” तिने विचारलं, “आठवतंय ना?”

“हो,” दशांशराव म्हणाले.

“बरं. जेवून घ्या वेळेवर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते वर आले. आलेखवाली जेवायला गेली होती. त्यांनी फॉर्मवर एक लिहिला, शेजारच्या रकान्यात अकरा जून लिहिलं, खाली सही केली. मग आपल्या टेबलाशी जाऊन गेल्या वर्षीची डायरी शोधली. ती सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये होती. अकरा जूनच्या पानावर त्यांच्याच नेटक्या अक्षरात बावीस घरांचे आकडे होते, बावीसच्या बावीस पास. फोनबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या चार दिवसांची पानंही त्यांनी एकेक करून बघितली.